नाचऱ्या पंखांची माशी

(सडक अर्जुनी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण; स्मरणिकेच्या वाचकांसाठी काही भाग वाढवून.)





चिटणीस साहेबांनी मला निरोप पाठविला की मुलांना आणि पालकांना दोघांनाही उपयोगी पडेल असे काहीतरी बोला. मी विषय कळविला, "माशी". त्यांनी दुसऱ्यांदा विचारून खात्री करून घेतली. आताही मागच्या बाकांवर थोडे हसू झाले ते मी ऐकले. हरकत नाही. अकराशे वर्षांपूर्वी बसऱ्याच्या अल्-जाहिजने आपल्या 'किताबुल हैवान' या ग्रंथात माशीसाठी कितीतरी पाने खर्ची घातली, तेव्हाही लोक हसले असतील. त्याने बसऱ्याच्या एका काझीची गोष्ट सांगितली आहे. काझीसाहेब इतके गंभीर की न्यायाला बसले म्हणजे पुतळ्यासारखे. हात हलायचा नाही, मान वळायची नाही. एके दिवशी एक माशी त्यांच्या नाकावर बसली. त्यांनी सहन केले. ती डोळ्याच्या कोपऱ्यात गेली. पापणी हलवून पाहिली, ती परत आली. शेवटी भर दरबारात त्यांना बाही झटकावी लागली, आणि माशीपुढे आपण हरलो असे त्यांनीच कबूल केले. मीही एका माशीपुढे हरलेला माणूस आहे. ती हकिकत सांगण्यासाठीच आज उभा आहे.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या या हायवेपासून थोड्या अंतरावर एका चाचांची भाजीची बाडी होती. पावसाळ्यात कारली, दोडके, काकडी. धानाची शेती दुसऱ्याची, स्वतःची म्हणायची ती एवढीच बाडी. त्यांची मुलगी दहावीत माझ्या वर्गात होती. त्या वर्षी कारली लागली भरपूर, पण बोटभर झाली की एका बाजूने पिवळी पडायची, वाकडी व्हायची, आणि कापली की आत पांढऱ्या अळ्या. चाचा मला म्हणाले, "मास्टरसाब, तुम्ही विज्ञान शिकवता ना? मग येऊन पाहून तर जा."

मी गेलो. दुपारची वेळ. वेलाखाली पडलेल्या एका कुजक्या कारल्यावर एक माशी होती. घरमाशीपेक्षा लहान, आणि पंख काय सुंदर! काचेसारख्या पंखांवर काळ्या नक्षीचे ठिपके. ती सरळ चालतच नव्हती. चार पावले टाकी, थांबे, उजवा पंख बाहेर काढून हळूच फिरवी, मग डावा, मग दोन्ही. नावाड्याने वल्ही मारावीत तशी. जवळ दुसरी आली की दोघी समोरासमोर उभ्या राहून पंख उघडत-मिटत. मी ते पाहतच राहिलो. आणि पाहता पाहता निकालही देऊन टाकला, "चाचा, ही पाहा तुमची चोर." चाचांनी दुकानातून औषध आणले आणि मी दाखविलेल्या जागी, म्हणजे खाली पडलेल्या फळांवर, भर दुपारी, तीन वेळा मारले. माश्या मेल्या. कारली सडतच राहिली. बोर्डाच्या फॉर्मचे पैसे त्या कारल्यांवर ठरले होते, हे मला नंतर कळले.

माझी चूक मला त्या मुलीने दाखविली. तिने वेलावरचेच, नुकते पिवळे पडू लागलेले कारले तोडून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले होते. बरणीच्या तळाशी दोन बोटे माती, तोंडाला ओढणीचा तुकडा. चार-पाच दिवसांत अळ्या फळातून बाहेर पडल्या. ती सांगत होती की त्या उड्या मारत होत्या, आणि मला ते खरे वाटले नाही. पण खरे आहे ते. ही अळी अंगाचे वेटोळे करते, ताण देते आणि एकदम सोडते. मग त्या मातीत शिरल्या आणि तांदळाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष झाले. दहा-बारा दिवसांनी बरणीत माश्या फिरू लागल्या. ती बरणी शाळेत घेऊन आली आणि म्हणाली, "सर, यांचे पंख तसे नाहीत."

नव्हतेच. त्या माश्या लालसर तपकिरी, कमरेत बारीक, पाहताना लहान गांधीलमाशी वाटावी अशा. पाठीवर तीन पिवळ्या रेघा, दोन कडेला आणि एक मधोमध. पंख स्वच्छ, फक्त पुढच्या कडेने एक गडद पट्टा, तो टोकाशी रुंदावून ठिपक्यासारखा झालेला, आणि आतल्या बाजूस एक आडवी गडद रेघ. ही वेलवर्गीय पिकांची फळमाशी. ती आपल्याच भागातली. भारत आणि आसपासचा प्रदेश हे तिचे मूळ घर मानतात. पण तिला शास्त्रीय नाव मिळाले ते पार पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर ती जाऊन पोचल्यावर. तिथल्या नमुन्यांवरून कॉकिलेट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९९ साली तिचे वर्णन केले. आपल्या परसात हजारो वर्षे असलेली माशी, आणि तिचे नाव दुसऱ्याने ठेवले!

मग मी दाखविलेली ती नक्षीदार पंखांची नाचरी कोण? ती चित्रपंखी माश्यांच्या एका वेगळ्या कुळातली, ज्याला प्लॅटिस्टोमाटिडी म्हणतात. या कुळातल्या पुष्कळ जातींच्या अळ्या कुजलेल्या पदार्थावर जगतात. फळ दुसऱ्याने नासवायचे आणि हिने त्या उकिरड्यावर यायचे. मेलेल्या बैलाशेजारी कावळा दिसला म्हणून बैल कावळ्याने मारला म्हणावे, तसा माझा न्याय झाला. खरी गुन्हेगार दुपारी फळावर नव्हतीच. ती पानाच्या खालच्या बाजूला, बाजूच्या मक्याच्या ओळीत सावलीला बसते. कोवळ्या फळाच्या सालीखाली सुईसारखा अवयव टोचून अंडी घालते आणि निघून जाते. दिवस मावळताना नर पानांवर जमतात आणि पंख इतक्या वेगाने फडफडवतात की बारीक आवाज निघतो. पोटाच्या कडेला राठ केसांची एक रांग असते, तिच्यावर पंख घासून हा आवाज होतो. माद्यांना बोलावण्याची ती त्यांची रीत. म्हणजे पंखांचा खेळ दोघीही करतात, पण वेळ वेगळी, जागा वेगळी, आणि हेतूही वेगळा.

चाचांकडे जाऊन मी चूक कबूल केली. ते रागावले नाहीत, आणि त्याचे मला अधिक वाईट वाटले. पुढे काय केले ते सांगतो, कारण पालकांपैकी पुष्कळांच्या घरी बाडी आहे. सडकी फळे धुऱ्यावर फेकणे बंद केले. फेकलेल्या फळातील अळी मातीत जाते आणि पंधरवड्यात माशी होऊन परत वेलावर येते. आपणच तिला पोसतो. ती फळे रोज वेचून हातभर खोल खड्ड्यात पुरली आणि वर माती दाबली. वेलाखालची माती वरचेवर कुदळीने हलविली म्हणजे कोष उघडे पडून उन्हाने आणि मुंग्यांनी मरतात. कोवळ्या कारल्यांना कागदाच्या पिशव्या बांधल्या. हे काम मुलीने आणि तिच्या अम्मीने केले. नरांना ओढणारे क्यूल्युर नावाचे आमिष घातलेले सापळे कृषी केंद्रात मिळतात, तेही टांगले. शेवटच्या तोड्यांत थोडीफार चांगली कारली हाती आली. फॉर्म भरला गेला. कसा, ते मी इथे सांगत नाही.

सापळ्यावरून एक आठवले. आंबा आणि पेरूच्या फळमाश्यांसाठी जे मिथाईल युजेनॉलचे आमिष वापरतात, त्याचा शोध आपल्या देशातच लागला. बिहारमध्ये पुसा येथे हॉलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ काम करीत. मच्छर दूर राहावेत म्हणून लावलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या धावून येतात, आणि येतात ते फक्त नर, हे त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. पुढे १९१५ मध्ये त्यामागचे द्रव्यही सांगितले. तुळशीच्या पानातही हे द्रव्य असते. म्हणून पेरूच्या झाडाखाली तुळशीची पाने चुरडून ठेवली तरी माश्या येताना दिसतात. पण हे आमिष कारल्याच्या माशीला चालत नाही. तिला क्यूल्युरच हवे. माशी ओळखली नाही तर सापळ्याचेही पैसे पाण्यात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा आंब्याच्या बागांत लागलेला मी पाहिला आहे. तो कारल्याच्या मांडवात टांगून "निघत नाही" म्हणणारे शेतकरीही पाहिले आहेत.

माशी नेमकी ओळखली तर किती दूर जाता येते त्याचे एक उदाहरण. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर हीच कारल्या-काकडीची माशी पोचली होती. तिथे १९७२ पासून माश्या कारखान्यासारख्या वाढवून, त्यांना किरणांनी वांझ करून सोडण्याचे काम चालले. वांझ नरांशी संग झालेल्या मादीची अंडी फुटत नाहीत. १९९३ पर्यंत सगळी बेटे या माशीपासून मुक्त झाली. या कामात जात चुकली असती तर कोट्यवधी माश्या व्यर्थ गेल्या असत्या.

आता विद्यार्थी मित्रांनो, ओळखायचे कसे? आधी पंख मोजा. माशीला दोनच पंख, गांधीलमाशीला चार. माशीच्या पंखांमागे दोन छोट्या घुंड्या दिसतात, त्या तिला तोल सांभाळायला लागतात. मग पाठ पाहा. मधोमध पिवळी रेघ असली तर कारल्याच्या माशीचा संशय घ्या. मधली रेघ नाही, कडेच्या दोनच आहेत, पाठ काळपट आणि पोटावर काळा 'टी' अक्षरासारखा आकार, तर आंब्या-पेरूवरची. पंखाच्या पुढच्या कडेचा पट्टा तुटलेला, फक्त टोकाशी तपकिरी ठिपका, तर पेरू-बोरांवर येणारी लहान चुलत बहीण. केळ्याच्या सालीवर घोंगावणारी चिलटे यांपैकी कोणीच नव्हेत, त्यांनाही फळमाशी म्हणतात एवढाच गोंधळ. आणि बरणीतून माशी निघाली की लगेच मारू नका. एक-दोन दिवस साखरेच्या पाण्याचा बोळा देऊन जगू द्या. नवी माशी फिकट असते, तिचे रंग सावकाश भरतात. मी स्वतः घाईने मारलेल्या फिकट माश्यांवरून एकदा नवीनच जात सापडली असे समजलो होतो!

पण ज्या पंखांनी मला भुलविले त्यांच्याविषयी आणखी बोलल्याशिवाय राहवत नाही. अशा पट्टेदार, नाचऱ्या पंखांची माशी पाहायची असेल तर हिवाळ्यात बोरीखाली जा. नवेगावबांधच्या वाटेवर, शेतांच्या कडेने, रानात, बोरी आपल्याकडे काय कमी आहेत? बोरात जी अळी निघते (आणि जी आपण सर्वांनीच कधी ना कधी नकळत खाल्ली आहे) तिची माशी घरमाशीहून लहान, पिवळसर तपकिरी. पाठीवर काळे ठिपके आणि पंखांवर पिवळट तपकिरी आडवे पट्टे. तिचे शास्त्रीय नाव कार्पोमिया वेसुवियाना. कोस्टा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८५४ मध्ये हे नाव दिले, ते तिकडच्या वेसुव्हियस ज्वालामुखीवरून. बोरीच्या कुळातल्या फळांशिवाय दुसरे काही तिला चालत नाही. अळी फळाला भोक पाडून बाहेर येते आणि झाडाखालच्या मातीत कोष करते.

या माशीच्या दोन अमेरिकन चुलत बहिणींवर १९८७ साली 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. त्यांपैकी एक माशी वांग्याच्या कुळातल्या एका काटेरी झाडावर राहते. तिच्या पंखांवर असेच पट्टे, आणि तीही पंख बाहेर काढून हलवीत चालते. शास्त्रज्ञांना शंका आली की मागून पाहिले तर हे पट्टे कोळ्याच्या पायांसारखे दिसतात. आपल्या घराच्या भिंतीवर जाळे न विणता उड्या मारून शिकार करणारा लहान कोळी असतो ना, त्याचे पाय. दोन असे कोळी समोरासमोर आले की पुढचे पाय उंच करून हलवितात. "ही जागा माझी, पुढे येऊ नकोस" अशी ती ताकीद असते. माशी पंखांनी तीच ताकीद देते काय?

त्यांनी केलेला प्रयोग साधा होता, म्हणून मला तो फार आवडतो. माशीचे पंख कापून तिला घरमाशीचे साधे पंख चिकटविले. घरमाशीला या माशीचे पट्टेदार पंख चिकटविले. काही माश्यांचे पंख कापून त्यांचेच त्यांना परत चिकटविले, नाहीतर कापण्या-चिकटविण्यानेच फरक पडला असे कोणी म्हणायचा. शिवाय मूळच्या, हात न लावलेल्या दोन्ही जातींच्या माश्या. मग एकेक करून भुकेल्या कोळ्यापुढे सोडल्या. पट्टेदार पंखही आहेत आणि ते हलविण्याची रीतही आहे, अशाच माशीपुढे उडी मारणारा कोळी मागे सरला. घरमाशीला पट्टेदार पंख मिळाले, पण ते कसे हलवायचे हे तिला माहीत नव्हते. ती खाल्ली गेली. साधे पंख घेऊन नाचणारीही खाल्ली गेली. आणि दुसऱ्या शिकाऱ्यांपुढे, उदाहरणार्थ सरड्यापुढे, या सोंगाचा काहीच उपयोग झाला नाही. ज्याची भाषा नक्कल केली त्यालाच ती कळली.

इथे पुन्हा अल्-जाहिजची आठवण होते. त्याने या कोळ्याची नोंद केली आहे. कोळ्यांमध्ये एक जात चित्त्यासारखी माश्यांची शिकार करते, तिला 'लैस' म्हणजे सिंह म्हणतात, आणि तिला सहा डोळे असतात, असे तो सांगतो. माशी दिसली की हा लैस जमिनीला चिकटतो, हातपाय आवरतो, आणि झेप घेतली की चुकत नाही, हेही त्याने लिहिले आहे. डोळे खरे म्हणजे आठ असतात. भिंगाशिवाय दोन चुकले, पण शिकारीची रीत त्याने जशी आहे तशी टिपली. आमच्या घरी संध्याकाळी दिव्याखालच्या भिंतीवर मी ती रोज पाहतो.

धुऱ्यावरच्या तुरीवरही पावसाळ्याच्या अखेरीस एक पट्टेदार पंखांची माशी दिसते, पानावर पंख हलवीत फिरणारी. ती पानाचे काही बिघडवीत नाही म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. तिची अळी मात्र जमिनीखाली असते. तुरीच्या मुळांवर ज्या गाठी हवेतील नत्र साठवितात, त्या गाठी ती आतून पोखरते. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट या संस्थेत तिचा अभ्यास झाला. नाव रिव्हेलिया अँग्युलाटा. तूर उपटाल तेव्हा मुळावरच्या दोन-चार गाठी नखाने फोडून पाहा. आतून गुलाबी निघाली तर ती काम करीत आहे. नुसते पोकळ टरफल निघाले तर ही माशी येऊन गेली असे समजायला हरकत नाही.

तेव्हा माझी शाळेला विनंती अशी आहे की प्रयोगशाळेच्या खिडकीत दहा रिकाम्या बरण्या ठेवाव्यात. खर्च काही नाही. बरण्या घरोघरी आहेत, जुने मलमल आहे, रबर आहे. वाळू चाळून किंचित ओलसर करून घाला. फळ झाडावरचे घ्या, खाली पडून कुजलेले घेऊ नका. त्यात दुसऱ्यांनी अंडी घातलेली असतात आणि माझ्यासारखी फसगत होते. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावा: फळ कोणते, गाव कोणते, कोणत्या तारखेला तोडले, कोणी तोडले. माशी निघाली ती तारीख खाली लिहा. मुलींनी आणि मुलांनी पाळीने रोज पाहावे. पालकांनी एवढेच करावे की पोराने किडके कारले घरातून मागितले तर हसू नये, द्यावे.

बोरे पिकू लागली आहेत. पहिली बरणी बोरांची करू या. माश्या निघाल्या म्हणजे त्यांतली एक आणि भिंतीवरचा एक लैस, दोघांना एका काचेच्या पेल्याखाली ठेवू. बोरीची माशी त्याच्यापुढे पंख कसे धरते ते मला पाहायचे आहे. मला निरोप पाठवा, मी येईन. भिंग माझ्याकडे आहे.